तेरावा प्याला

मुकुंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी तक्रार लिहीत होतो. फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउस कॉलनीचं एक अ‍ॅप आहे. त्यात कुणाबद्दलही तक्रार करता येते आणि ज्याच्याबद्दल केली त्याला आपलं नाव कळत नाही. ही सोय ज्यानं काढली, त्यानं मला डोळ्यांसमोर ठेवूनच काढली असावी. शेजारच्या चढ्ढांनी सात वर्षांपूर्वी माझ्या दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर तक्रार केली. खाली नाव नव्हतं, पण दुसरं कोण असणार? तेव्हापासून मी त्यांच्यावर डूख धरून आहे. ते दर शनिवारी मागच्या पॅटिओत मांस भाजतात, मी दर शनिवारी धुराची तक्रार करतो. त्या सकाळी मात्र विषय त्यांच्या पानं उडवायच्या मशीनचा होता. मी 'काइंडली'पर्यंत पोचलो होतो आणि सुलभावहिनींचा फोन आला. "शिरीष... मुकुंद गेला. आत्ताच." मी "निघालोच" म्हणालो, उठताना अंगठा कुठंतरी पडला आणि तक्रार गेली. चढ्ढांना त्या आठवड्यात आलेल्या नोटिशीत 'काइंडली' एवढा एकच शब्द होता म्हणे. याला आता सात आठवडे झाले.

मुकुंद वैरागडे नागपूरचा, राहायला आमच्याच कॉलनीत, मागच्या ओळीत. सनीव्हेलच्या एका चिप कंपनीत त्याची पंचवीस वर्षं गेली. मी पुण्याचा, त्यामुळे आमची पहिली भेट भांडणानंच झाली हे वेगळं सांगायला नको. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला कॅरममध्ये मी त्याला हरवलं आणि पुढचे सहा महिने येईल त्याला ते सांगत सुटलो. तो काही बोलला नाही. सातव्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला त्यानं एक सुंदर, वजनदार, गिफ्ट रॅप केलेलं खोकं दिलं. वीस पाहुण्यांसमोर उघडलं, तर आत कॅरमची एकच सोंगटी. मी ज्या डावाचा डंका पिटत होतो, त्या डावात माझ्या मांडीखाली सापडलेली. त्यानं ती तेव्हाच उचलून ठेवली होती. "वाळू द्यावं लागते बे," तो म्हणाला. "ओलं भांडं भट्टीत टाकलं का तडकते." माझा राग उकळून गॅसवर सांडतो; त्याचा सावलीत वाळायचा. एवढ्या एका फरकावर आमची अठरा वर्षांची दोस्ती उभी होती.

भांड्यांचा नाद त्याला पन्नाशीत लागला. ईशाच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या शाळेची म्युझियमला सहल होती आणि पालक कमी पडले म्हणून हा गेला. मुलं डायनासोर बघायला धावली. हा वाट चुकून ग्रीक भांड्यांच्या दालनात शिरला आणि एका प्याल्यासमोर असा उभा राहिला की पहारेकऱ्यानं दोनदा मागं सरा म्हणून सांगितलं. पार्किंगमधूनच मला फोन. "शिऱ्या, अडीच हजार वर्षांपूर्वी लोकांनी काय करून ठेवलंय बे!" त्या प्याल्याचं ग्रीक नाव मी दहा वेळा विचारलं आणि दहा वेळा विसरलो. पण वस्तू सोपी आहे. आपण ज्या बशीत ओतून चहा भुरकतो ती बशी जरा मोठी करा, खाली बुटका देठ लावा, दोन बाजूंना दोन कान. झाला प्याला. ग्रीक पुरुष संध्याकाळी जमायचे, डाव्या कोपरावर रेलून पलंगावर पडायचे आणि उजव्या हातात ही बशी. द्राक्षांची दारू पाणी घालूनच प्यायची. निखळ पिणारा तो रानटी. पाणी किती, हे त्या संध्याकाळचा प्रमुख ठरवणार. प्याला हातोहात फिरणार, त्याबरोबर गाणी, वाद, चहाड्या. कोण कुणाच्या शेजारी पडतो, कुणाला बोलावणं जात नाही, यावर गावातली पत ठरायची.

पण मुकुंदाला वेड लावलं ते चित्रांनी. प्याल्याच्या बाहेरच्या बाजूला कधी कधी दोन मोठे डोळे काढलेले असत. पिणारा प्याला तोंडाला लावून उचलायचा तेव्हा त्याचा चेहरा नाहीसा व्हायचा आणि समोरच्यांना त्या जागी मातीचा मुखवटा दिसायचा, टक लावून बघणारा. आणि आत, अगदी तळाशी, आणखी एक चित्र. ते भरल्या प्याल्यात दिसायचं नाही. शेवटचा घोट घेतला की उघडं पडायचं, आणि सगळ्यात आधी पिणाऱ्यालाच. एका प्याल्याच्या तळाशी म्हणे एक माणूस ओकतोय आणि एक पोरगी त्याचं डोकं धरून उभी आहे. मोठ्या चवीनं शेवटचा घोट घ्या आणि बघा, पुढं तुमचं काय होणार आहे! चित्राभोवती नावंही लिहायचे, गावातल्या देखण्या पोरांची: अमका सुंदर आहे, तमका सुंदर आहे. आणि एका चित्रकारानं तर आपल्या भांड्यावर सरळ लिहून ठेवलंय की हे असलं माझ्या त्या स्पर्धकाला जन्मात जमलं नसतं. मुकुंद ही गोष्ट सांगताना खुर्चीवरून उठायचा. "विचार कर बे, तो मेला, हा मेला, गाव गेलं, देव गेले. टोमणा अजून काचेच्या कपाटात जिवंत आहे!"

मग तो माती शिकला. इथल्या एका म्हाताऱ्या कुंभारबाईंच्या स्टुडिओत चार वर्षं गेला. त्याचं म्हणणं, हे तर आपलंच काम आहे, चिपवर जे करतो तेच. थर द्यायचे, झाकायचं, तापवायचं. त्या काळ्या-तांबड्या भांड्यांवर काळा रंग नसतोच मुळी. तीच माती पुन्हा पुन्हा गाळून तिचा साईसारखा लेप करायचा आणि चित्राची जागा सोडून बाकी सगळीकडे लावायचा. भट्टीत आधी हवा खेळू द्यायची, मग हवा कोंडून ओला लाकूडफाटा टाकायचा, म्हणजे धूर कोंदून आतलं सगळं काळंठिक्कर पडतं. शेवटी पुन्हा हवा सोडली की लेप काळाच राहतो आणि चित्र तांबडं होऊन वर येतं. हवा पाच मिनिटं आधी सोडली तरी काम बिघडलं. त्यानं मागच्या पॅटिओत विटांची कमरेएवढी भट्टी बांधली. कॉलनीच्या नियमात भट्टी बसत नव्हती, बार्बेक्यू बसत होता. तेव्हा ती कागदोपत्री बार्बेक्यू झाली. पहिल्या भाजणीला त्यानं मला मदतीला बोलावलं आणि मी काय केलं असेल? आत काय चाललंय ते बघायला एक वीट काढली. थंड हवा आत गेली आणि "टक्क" असा आवाज आला. मी वीट परत लावून ठेवली आणि शिट्टी वाजवू लागलो. प्याला तडकलेला निघाला तेव्हा मुकुंदानं मला एवढंच विचारलं, "तू शिट्टी कधीपासून वाजवायला लागला बे?"

महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी चारला त्याच्या गॅरेजमध्ये बैठक बसायची. आम्ही बाराजण, खाली जाजमं, लोड, डाव्या कोपरावर रेलायचं. पन्नाशीतली कोपरं ती. अर्ध्या तासात सगळे सरळ बसायचे. सुरुवातीला वहिनींनी विचारलं, "तुमच्या त्या ग्रीकांच्या बायका कुठं बसायच्या?"

"आत," मुकुंद म्हणाला.

"मग वडे कोण तळायचं?"

"त्याही आतच..."

"मग ग्रीकांनाच सांगा तळायला," म्हणून वहिनी जाजमावर येऊन बसल्या, त्या कायमच्या. वडे मुकुंदानं तळले. पाणी किती घालायचं हेही पुढं त्याच ठरवू लागल्या.

बैठकीतला एक खेळ मात्र आमचा हट्टाचा होता. ग्रीक लोक प्याल्यात उरलेला चुळकाभर गाळ बोटाच्या झटक्यानं दूर ठेवलेल्या वाटीवर उडवायचे आणि उडवताना आपल्या आवडत्या माणसाचं नाव घ्यायचे. नेम लागला तर प्रेम लागू. आमच्याकडे प्रेमाचं नाव घ्यायला वहिनींसमोर कुणी धजेना, म्हणून मुकुंदानं नियम बदलला: ज्याच्यावर दात आहे त्याचं नाव घ्यायचं. मग मॅनेजर, व्हिसाचा वकील, साडू, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. स्टीलची वाटी एका जुन्या समईच्या दांड्यावर ठेवलेली. नेम लागला की टण्ण! माझा कधी लागला नाही. पहिल्याच फेरीत मी चढ्ढांचं नाव घेऊन जो झटका दिला, त्याचे शिंतोडे माझ्याच कपाळावर आले.

आता साडेचार वर्षांपूर्वीचा तो शनिवार. मुकुंदानं ठरवलं होतं की बाराजणांना बारा प्याले. प्रत्येकाच्या तळाशी त्याचा त्याचा गाढवपणा. वर्षभर तो त्यावर होता. कोण काय वेंधळेपणा करतो याची त्यानं वहीत नोंद ठेवली होती आणि वही कुणाला दाखवायचा नाही. भाजणीचा दिवसही गुप्त. मला तर मुळीच सांगितला नव्हता, विटेच्या इतिहासामुळे. मी त्या दिवशी सकाळचं घरचं सगळं उरकून बाजारहाटाला गेलो होतो. चारला परतलो तर मुकुंदाच्या दारात फायर ब्रिगेडची गाडी. हवा कोंडलेली, भट्टी धुरानं भरलेली, अगदी ऐन घटका... आणि कॉलनीच्या बोर्डावरचे दिलीप टेंबे नियमांची फाइल घेऊन तिथं आले होते. उघडा जाळ आणि काळा धूर दिसला तर फायर ब्रिगेडला बोलावणं त्यांना भाग, म्हणे. गाडीवाल्यांनी आपलं काम केलं. तापल्या भट्टीवर पाण्याचा फवारा मारला. आत बारा प्याले होते. मी पोचलो तेव्हा मुकुंद पॅटिओत उकिडवा बसून खापऱ्या गोळा करत होता. एका खापरीवर एक अर्धवट कान दिसत होता, माणसाचा. "कुणाचा रे?" मी विचारलं. "तुझाच असेल," तो म्हणाला, "लांब आहे."

मी तिथं, त्या चिखलात उभं राहून शपथ घेतली: टेंब्यांना सोडणार नाही. मराठी माणूस असून, पाळत ठेवून, शनिवारच्या दिवशी... मुकुंद नको म्हणाला नाही आणि हो म्हणाला नाही. चार दिवसांनी मी सांत्वनाला म्हणून बायकोनं केलेल्या ताज्या कुरडया तळून घेऊन गेलो. मुकुंदानं एक तोंडात टाकली. "धुरकट लागून राहिल्या बे."

"चढ्ढा! दुसरं कोण?"

तो ती कुरडई बराच वेळ चघळत राहिला. दातांत अडकली असावी असं मला वाटलं. मग म्हणाला, "अच्छा," आणि दुसरी घेतली.

त्यानंतर त्यानं प्याले करणं सोडलं. भट्टीच्या विटांवर वहिनींनी गवती चहाच्या कुंड्या ठेवल्या. आणि मी सूड घ्यायला लागलो. बोर्डाच्या निवडणुकीत टेंब्यांच्या विरोधात उभा राहिलो. कॉलनीभर पत्रकं चिकटवली, तर विनापरवाना चिकटवल्याबद्दल नोटीस मलाच आली, त्यावर सही टेंब्यांची. मला मतं पडली दोन. एक माझं. दुसरं बायकोचं धरून चाललो होतो, तर ती म्हणाली, "मी कशाला? निवडून आला असतास म्हणजे?" मंडळाच्या नाटकात टेंबे दरवर्षी वडिलांचं काम करायचे, मी तालीम समितीत घुसलो आणि ते काम काढून घेतलं. ते मला करावं लागलं आणि दुसऱ्या अंकात मी सुनेला मुलीच्या नावानं हाक मारली, त्यामुळे नाटकातल्या लग्नाला भलताच रंग चढला. कुणाकडेही टेंब्यांचा विषय निघाला की मी बारा प्याल्यांची गोष्ट सांगायचो, आणि दर वेळी फायर ब्रिगेडच्या गाड्या एकेकानं वाढायच्या. सणासमारंभाच्या याद्यांमधून टेंबे गळले. एका वर्षी गणपतीत ते आरतीला आले, मागं उभे राहिले आणि कुणी तबक पुढं केलं नाही, तेव्हा तसेच निघून गेले. मला काय आनंद झाला होता!

आणि बैठकीत दर महिन्याला माझी पाळी आली की मी ओरडायचो, "दिलीप टेंबे!" आणि झटका. वाटी हलायची नाही. एकदा सलग सातव्यांदा चुकल्यावर मी चिडून म्हणालो की समई वाकडी आहे. मुकुंद लोडावर पडला होता. डोळे मिटून म्हणाला, "नेम ठीक आहे बे तुझा. नाव चुकून राहिलं." मी म्हटलं, म्हणजे काय, दिलीप दत्तात्रेय टेंबे असं पूर्ण म्हणू? त्या दिवसापासून पूर्ण म्हणू लागलो. तो भिंतीकडे तोंड करून हसायचा. मला वाटायचं त्याला खोकला आहे.

खोकला नंतर खराच निघाला, आणि जे निघालं त्याला डॉक्टरांनी फार मुदत दिली नाही. शेवटच्या महिन्यात त्याचा पलंग खालच्या खोलीत, खिडकीशी आणला होता. मी रोज ऑफिस सुटल्यावर जायचो. मरणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे मला येत नाही, म्हणून मी येत होतं तेच बोललो. "टेंब्यांचं राहूनच गेलं रे मुकुंदा."

"नाही राहिलं," तो म्हणाला. "तेरावा केलाय."

मला वाटलं औषधाच्या गुंगीत बोलतोय. पण वहिनींनी कपाटातून पांढरं खोकं आणून दाखवलं, चिकटपट्टीनं बंद केलेलं. कुंभारबाईंच्या स्टुडिओत जाऊन, थांबत थांबत, दोन महिन्यांत त्यानं एक प्याला केला होता. वर मार्करनं लिहिलं होतं: 'टेंबे'. म्हणजे चार-साडेचार वर्षं सावलीत वाळत होता तर!

"सगळ्यांसमोर पाज," मुकुंद दम खात म्हणाला. "काठोकाठ भर. तळ दिसेस्तोवर... आणि त्यानं पाह्यलं का मग तू पाहा."

"तळाशी काय काढलंस?"

"जे आहे ते."

"गाढव काढलंस ना? नक्की गाढवच."

त्यानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "जवळपास," म्हणाला. मला आठवतंय, मी खूश होऊन घरी आलो. मित्र जात होता आणि मी गाडीत गाणं म्हणत होतो. आता हे लिहिताना लाज वाटते, पण लपवाछपवीत अर्थ नाही.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी बैठक ठेवली, त्याच गॅरेजमध्ये, शनिवारी चारला. टेंब्यांना मी स्वतः जाऊन बोलावलं. इतका गोड आवाज मी माझ्या लग्नाच्या बोलणीतही काढला नव्हता. ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत दोन घडीच्या खुर्च्या. "खाली बसणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून आणल्या," म्हणाले. मला तेवढ्यानंही राग आला. मी चार ओळींचं भाषण पाठ केलं होतं. खोकं उघडलं. प्याला काळाभोर, तकतकीत, आणि बाहेरच्या अंगाला दोन डोळे, एक भुवई किंचित वर उचललेली. ती भुवई आम्ही सगळ्यांनीच ओळखली. ईशा हळूच माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा सेड टू द टॉप, काका. नो चीटिंग." मी मुद्दाम पाण्याचा थेंब न घालता वाइन ओतायला बाटली उचलली.

"मी घेत नाही," टेंबे म्हणाले.

साडेचार वर्षांच्या तयारीत ही गोष्ट मी धरलीच नव्हती. ज्याचा सूड घ्यायचा तो माणूस पितो की नाही, एवढंही मला माहीत नव्हतं. वहिनी उठल्या, आतून कोकम सरबताचा जग घेऊन आल्या आणि माझ्या हातून प्याला काढून त्यांनीच तो काठोकाठ भरला. भाषणातली पहिलीच ओळ मी विसरलो. "घ्या," एवढंच म्हणालो.

टेंब्यांनी दोन्ही कान धरून प्याला उचलला. त्यांचा चेहरा नाहीसा झाला आणि त्या जागी मुकुंद माझ्याकडे बघू लागला, भुवई उचलून. सावकाश पीत होते ते, म्हाताऱ्या माणसासारखे, थांबत थांबत. तेवढा वेळ त्या डोळ्यांनी मला सोडलं नाही. मग प्याला खाली आला. टेंबे आत बघत राहिले. मी त्यांचं तोंड काळं पडायची वाट बघत होतो. ते हसले. मोठ्यानं नाही, बरेच दिवस आजारी असलेल्या माणसाला बरं वाटलं की येतं तसं काहीतरी चेहऱ्यावर आलं, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. "फार छान काढलंय हो," म्हणाले, आणि प्याला माझ्या हातात दिला.

तळाशी एक माणूस उकिडवा बसला होता. हाफ पँट, गळ्यापर्यंत चढलेलं पोट, लांब कान. मुकुंदाला पाय कधीच काढता यायचे नाहीत, त्यामुळे पाय बदकाचे. माणसाच्या मागं चादरीवर ओळीनं वाळत घातलेल्या कुरडया, बारीक, एकेक तार काढलेली. वर धुराची वेटोळी. जीभ दातांत धरून तो हातातल्या फोनवर अंगठा टेकवत होता. आणि भोवती, जिथं ग्रीक लोक देखण्या पोरांची नावं लिहायचे तिथं, गोलाकार, देवनागरीत: शिऱ्या सुंदर आहे.

मला कळायला किती वेळ लागला ते सांगत नाही. त्या शनिवारी, भाजणीच्याच शनिवारी, बायकोनं कुरडया घातल्या होत्या. धूर आला. धूर म्हणजे चढ्ढा! मी सवयीनं अ‍ॅप उघडलं, चार ओळी ठोकल्या आणि बाजारात गेलो. चढ्ढा त्या आठवड्यात गावालाच गेले होते, हे नंतर कळलं.

"तक्रार आली की बोर्डाच्या माणसानं जाऊन बघायचं, एवढंच माझं काम होतं. चढ्ढांकडे कुलूप होतं, धूर इथून येत होता," टेंबे मला बाजूला, कुंड्यांपाशी घेऊन गेल्यावर म्हणाले. "मुकुंदरावांना आम्ही जे पत्र पाठवलं त्यात तक्रारीचा मजकूर होता, नाव नव्हतं. पण त्यात लिहिलं होतं, ब्लॅक स्मोक इज स्पॉइलिंग अवर ट्रॅडिशनल नूडल्स, काइंडली डू द नीडफुल. ते पत्र घेऊन आले माझ्याकडे. म्हणाले, नाव सांगू नका, मी परवाच खाल्ल्यात त्या."

"आणि तुम्हाला... तुम्हाला नाव माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत हो? मी तुमच्या विरुद्ध... सगळीकडे..."

"तक्रारदाराचं नाव फोडायचं नाही असा नियम आहे." त्यांनी चष्मा नीट बसवला. "ते दुसरं मत माझं होतं. मला सुटायचंच होतं त्या बोर्डातून. तुम्ही निवडून आला असतात तर बरं झालं असतं." मी हसलो, कारण हसण्याची जागा होती. ते हसले नाहीत. "माझं जाऊ द्या. बायकोला, मंगलला, साडेचार वर्षं कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. ती दर संक्रांतीला वाण आणून ठेवायची, की बोलावणं आलं तर आपणही बोलवावं लागेल म्हणून."

मी कुंडीतलं गवती चहाचं एक पान तोडून चुरत राहिलो. त्यांनीच विचारलं, "हा प्याला एक दिवस घरी नेऊ का? तिला दाखवायला." मी हो म्हणालो. प्याला दोन दिवसांनी परत आला, धुतलेला, आणि आत पांढऱ्याशुभ्र कच्च्या कुरडया. सोबत चिठ्ठी नव्हती. तळून खाल्ल्या. धुराचा वासही नाही. इतकं सणसणीत उत्तर मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही.

आता राहिला मुकुंद. त्याच्यावर माझा राग आहे, आणि तो जात नाही. माणसानं भांडावं, शिव्या द्याव्यात, कुरडया तोंडावर फेकाव्यात! हा साडेचार वर्षं माझ्यासोबत बसला, माझा तमाशा बघितला, भिंतीकडे तोंड करून हसला, आणि वार केला तो स्वतः पसार झाल्यावर. कॅरमच्या सोंगटीनंतर मी त्याच्या गाडीच्या हॉर्नला वायर जोडून उट्टं काढलं होतं. आता कुणाच्या गाडीला वायर जोडू? उलटा हात करायला समोर माणूसच ठेवला नाही... याला म्हणतात सूड. म्हणून हा लेख. टेंब्यांविरुद्ध मी ज्या ज्या घरांत बोललो, ती घरं मंडळाच्या अंकाची ही पुरवणी वाचतात. गाडी एकच होती. तक्रार माझी होती. संक्रांत यायची आहे. मंगलताईंना माझ्या घरून पहिलं बोलावणं गेलंय. आणि जाता जाता मुकुंदाचीही एक गोष्ट उघडी करतो: तो खेळात चोरून एक पाऊल पुढं सरकून नेम धरायचा. आणि त्याला पाय काढता येत नव्हते. हे असले पाय कुठल्याही ग्रीकाला जन्मात जमले नसते!

वहिनींनी प्याला मलाच ठेवायला दिला, समई आणि वाटीसकट. गेल्या शनिवारी चारला मी माझं गॅरेज रिकामं केलं, वाटी बसवली, जाजम टाकलं, कोपरावर रेललो. अ‍ॅप अजून फोनमध्ये आहे. शेजारून धूर येत होता, येऊ दिला. मंगलताईंनी दिलेल्या आमसुलांचं सरबत काठोकाठ भरलं आणि तळ दिसेपर्यंत प्यायलो. आधी कान दिसले, मग पोट, मग अंगठा, मग ते गोल लिहिलेलं. चुळकाभर ठेवलं. बोट प्याल्याच्या कानात अडकवलं, वाटीकडे बघितलं आणि या वेळी नाव पूर्ण घेतलं, माझं, वडिलांच्या नावासकट.

टण्ण.

"काय पडलं रे?" बायको वरून ओरडली.

"काही नाही," मी म्हटलं. "लागला..."